हातातला ब्रश

आर्टिस्टकाकांना चित्र सुरू करायला कधी कुणाची मदत लागली नाही. त्यांचं घोडं अडायचं ते थांबताना. काही लोकांना बोलताना आवरत नाही, काहींना जेवताना. काकांना रंगवताना आवरत नसे. उत्तम जमलेल्या चित्राची शेवटच्या तासात माती करावी ती त्यांनीच.

त्यांना आवरलं काकूंनी. लग्न होऊन आल्या तेव्हा काकूंना चित्रातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण ते पुरं कधी झालं एवढं मात्र अचूक कळायचं. चहा घेऊन त्या मागच्या खोलीत यायच्या, काकांच्या पाठीशी उभ्या राहून बघायच्या. चित्र व्हायचं असलं तर कप खिडकीत ठेवून निघून जायच्या. झालेलं असलं तर काकांच्या हातातला ब्रश काढून घ्यायच्या आणि टर्पेंटाइनच्या डब्यात ठेवायच्या. कारण विचारलं तर म्हणायच्या, भाजी शिजलेली कळते, तसं कळतं. सुरुवातीला काका भांडले, रुसले. एकदा तर ब्रश परत घेऊन बसले आणि त्या चित्राचं मातेरं करून उठले. त्यानंतर त्यांनी कधी ब्र काढला नाही. पुढे काकांचं नाव झालं. नेमकं कुठे थांबावं हे यांच्याकडून शिकावं, असं जाणकार लिहू लागले. काका ते काकूंना वाचून दाखवायचे आणि दोघंही पोट धरून हसायची.

मग काकू विसरू लागल्या. आधी चष्मा, मग पेटता गॅस, मग शेजारीण. डोळ्यांसमोर असाव्यात म्हणून काका त्यांना स्टुडिओतच खिडकीजवळच्या खुर्चीत बसवून काम करायचे. एक दिवस त्यांनी त्या खुर्चीसकट काकूंनाच रंगवायला घेतलं. आयुष्यभर ढिगाने चित्रं केली, तिचं एकही नीट केलं नव्हतं. आता आणखी काही निसटायच्या आत, आज आहे तशी ती त्यांना धरून ठेवायची होती. बाकी कुठल्या चित्राशी त्यांना कर्तव्य उरलं नव्हतं.

चित्र जमलंही. गालावर ऊन, आणि काही आठवू पाहत असल्यासारखे जरा उघडे ओठ. काकांना वाटलं, झालं. पण त्यांच्या वाटण्यावर भरवसा कसा ठेवायचा? त्यांना दर वेळी असं वाटायचं, आणि पाठोपाठ वाटायचं की आणखी जरासं. त्यांनी काकूंना उठवून पाठीमागे उभं केलं आणि ब्रश सैल धरून वाट बघत राहिले.

काकूंनी बराच वेळ बघितलं. "या कोण?"

"ओळखीच्या आहेत. नीट बघ बरं."

"चेहरा उतरलाय हो बाईंचा. बसवून ठेवलंत, पाणी तरी विचारलंत का?"

ब्रश काकांच्या हातातच राहिला. त्याचा अर्थ, चित्र अजून व्हायचंय. दुसरा अर्थ घ्यायची त्यांची छाती नव्हती.

मग सुरू झालं ते आणखी जरासं. हनुवटीवरचा तीळ ठळक केला. हल्ली ती स्वतःला तरुण समजत असेल म्हणून केस काळे केले. काळ्या केसांखाली सुरकुत्या शोभेनात म्हणून त्या बुजवल्या, गाल भरले. काकूंना ते रोज आणून उभं करायचे आणि काकू रोज त्या परक्या बाईची आपुलकीने चौकशी करायच्या.

मुलगी भेटायला आली, तिने कपाळाला हात लावला. "बाबा, मागच्या खेपेला बघितलं तेव्हा किती छान होतं. तेव्हाच का नाही थांबलात?"

थांबणं काकांना जन्मात कधी आलंच नव्हतं, हे पोटच्या पोरीलाही ठाऊक नव्हतं.

शेवटी चेहऱ्याचा नुसता चिखल झाला. मुलगी गेल्यावर काकांनी तो सुरीने खरवडला, चिंधीने पुसून काढला. खिडकी राहिली, खुर्ची राहिली आणि खुर्चीत एक करडा डाग. पुन्हा पहिल्यापासून करू म्हणून त्यांनी ब्रश उचलला, पण तो पहिला चेहरा नेमका कसा होता, हे त्यांनाच आठवेना. ब्रश तसाच धरून ते लहान पोरासारखे रडले.

मागे पावलं वाजली. या वेळी काकांनी बोलावलं नव्हतं. काकू त्यांच्या पाठीशी येऊन उभ्या राहिल्या, डागाकडे बघत राहिल्या. मग हात पुढे करून त्यांनी काकांच्या हातातला ब्रश काढून घेतला, डब्यात ठेवला आणि आपल्या खुर्चीत जाऊन बसल्या.

दुसरा ब्रश हाताशी होता. काकांनी तो उचलला नाही. इतक्या वर्षांत ती एकदाही चुकली नव्हती, आणि आज चुकली असेल तर ते ओळखणारं माणूसही तीच होती.