कॅटलोनियाचा प्रश्न, मुक्काम बॉथेल

माझ्या लॅबमध्ये बार्सिलोनाची, म्हणजे स्पेनपासून वेगळं होऊ पाहणाऱ्या कॅटलोनियाची, एक बाई काम करते. तिचा नवरा माद्रिदचा, थेट स्पेनच्या राजधानीचा, आहे हे कळल्यावर मी लगेच दोघांना जेवायला बोलावलं. परक्या देशाचं भांडण घरबसल्या ऐकायला मिळणं ही अमेरिकेतल्या आमच्या बॉथेल गावात मोठीच करमणूक. एरवी इथे लोक लॉनबद्दल बोलतात.

मी पुण्याची, नवरा नागपूरचा. त्याने मटण केलं, मी आमटी.

पाहुणे आपले मसाल्याचंच कौतुक करत बसले. शेवटी मीच विचारलं, "तुम्हाला खरंच स्पेनपासून वेगळं व्हायचंय?"

"मला व्हायचंय," ती म्हणाली. "निदान आम्हाला विचारा तरी. माझी आई मतदानाच्या रांगेत उभी होती आणि पोलिस लोकांना ओढून बाहेर काढत होते."

"पोलिसांचं चुकलंच," तिचा नवरा म्हणाला. "पण ते मतदान घटनेत बसत नव्हतं. आणि तिथल्या ज्यांना वेगळं व्हायचं नाही, त्यांचं काय?"

मी ठासून सांगितलं, "ज्यांना जायचंय त्यांना जाऊ द्यावं. बळजबरीने कोणाला धरून ठेवता येतं का?" बोलून झाल्यावर स्वतःच्या उदारपणाचं मला फार बरं वाटलं.

माझ्या नवऱ्याने हातातली मटणाची नळी ताटात ठेवली. "हे तू बोलून राहिली? मग विदर्भाचं काय?"

"त्याचा इथे काय संबंध?"

"आम्हाला विचारलं का कोणी? अधिवेशनाला येता, संत्री खाता अन् परत जाता."

"मी कधी आले अधिवेशनाला? आणि आपली भाषा एकच आहे ना?"

"एक? लग्न झाल्यापासून माझी मराठी दुरुस्त करून राहिली तू!"

आम्ही मराठीवर घसरलो होतो, त्यामुळे पाहुणे गोंधळले. आमची मुलगी इथेच जन्मलेली, कॉलेजातून सुट्टीला आलेली. तिने त्यांना थोडक्यात समजावलं, "डॅड वॉन्ट्स आउट. मॉम वोंट लेट हिम."

मग पाहुणेच मध्यस्थीला बसले. तो म्हणाला, "वेगळं कशाला? जास्त अधिकार द्या, स्वतःचे कर स्वतः गोळा करू द्या." ती म्हणाली, "नाही. प्रश्न काय विचारायचा हे दोन्ही बाजूंनी आधी ठरवा, मग मतदान घ्या."

"मतदान कशाला?" मी कडाडले. "महाराष्ट्र एक आहे. संपला विषय!"

"माझे वडील अगदी असंच बोलतात," माद्रिदकर आनंदाने म्हणाला.

माझा नवरा विजयी मुद्रेने भात वाढून घेऊ लागला. तेवढ्यात मुलगी म्हणाली, "बट यू गाइज आर अमेरिकन सिटिझन्स. तुम्हाला तिथे व्होट तरी आहे का?"

नव्हतं. दोघांनाही नव्हतं. नवऱ्याचा डाव हवेतच थांबला.

निघताना ती दारात कोट घालत होती. मी माफी मागितली, तर ती हसली. म्हणाली, "तुमचं बरं, भांडून एका घरात राहता. माझा भाऊ स्पेनच्या बाजूचा. त्या मतदानानंतर तो आईच्या घरी जेवायला आलेला नाही. आता मतदान घेणाऱ्या नेत्यांना माफी देणारा कायदा झाला, नेते परत एकमेकांशी बोलतात. आई आणि भाऊ, ह्या दोघांसाठी मात्र कोणी कायदा करत नाही."

माझा नवरा आत गेला, उरलेलं सगळं मटण डब्यात भरून घेऊन आला आणि तिच्या हातात देत म्हणाला, "भावाला फोन करा. काही नाही तर तिखटाबद्दल बोला."

तिने पुढच्याच आठवड्यात केला. भाऊ पंधरा मिनिटं हवामानावर बोलला म्हणे.