विश्रांतवाडी ते वारजे: दुसऱ्या फेरीतलं माझं मत

प्रतिनिधी म्हणून जायला मी ‘हो’ म्हटलं आणि लगेच नियमांचं पत्रक मागून घेतलं.

पदवीधर मतदारसंघासाठी आमच्या छोट्या पक्षाचा उमेदवार निवडायचा होता. विश्रांतवाडी शाखेतून आम्ही पाच जण. शाखेचे प्रमुख मोरेकाका आमच्याच सोसायटीतले. त्यांच्या गाडीतून निघालो. तुम्ही जाणार असाल तर लवकर निघा, विद्यापीठ चौकात गाडी चालण्यापेक्षा थांबतेच जास्त. वारज्याच्या मंगल कार्यालयात पोहे गार, चहा कडक, दोन्ही फुकट. ओळखपत्राशिवाय आत सोडत नाहीत. मी सारखी पर्स चाचपत होते.

पहिली फेरी सोपी होती. शाखेच्या बैठकीत ठरलेल्या उमेदवारालाच, म्हणजे सुनंदाताईंना, मत देणं बंधनकारक. शाखेचं नाव पुकारलं की प्रमुख उठून सगळ्यांची मतं सांगतात. तीन उमेदवारांपैकी कुणालाच निम्म्याहून जास्त मतं मिळाली नाहीत. शेवटचा बाद झाला. उरले सुनंदाताई आणि जाधव सर. आता बंधन संपलं. ज्याने त्याने आपल्या मनाने ठरवायचं.

“विश्रांतवाडी!”

मोरेकाका उठले. “पाचही मतं जाधव सरांना!”

मला कुणी विचारलंच नव्हतं.

आमच्या घरी सुट्टीत कुठे जायचं हेसुद्धा हात वर करून ठरायचं. धाकटा झोपला असेल तर बाबा तो उठेपर्यंत थांबायचे. “दुसऱ्याचा हात आपण वर करायचा नाही,” म्हणायचे.

नियम असा, की पुढची शाखा पुकारण्याआधी हरकत घ्यायची. सभाध्यक्षांनी पुढचं नाव पुकारायला माईक ओढला. मी उभी राहिले.

“आमची मतं नावानिशी विचारावीत.”

“अगं, गाडीत बोलायचंस ना!” काका पुटपुटले.

“गाडीत तुम्ही क्रिकेटवर बोलत होतात, काका.”

मागून कुणीतरी म्हणालं, “घ्या! जेवण लांबलं.”

नावं पुकारली. तिघे जाधव सरांकडे. मी सुनंदाताईंकडे. शेवटी कांबळेबाई, सकाळपासून एक शब्द न बोललेल्या. त्यांनी पदर सावरला. “सुनंदाताई,” त्या खणखणीत म्हणाल्या.

जिंकले जाधव सरच. काकांच्या गाडीत बसायचा धीर झाला नाही. डेक्कनला बस बदलून, उभ्यानेच परतले. वाटभर वाटत होतं, शेजार तुटला. पण कांबळेबाईंचा आवाजही कानातून जात नव्हता.

संध्याकाळी दार वाजलं. काका, हातात माझा डबा.

“गाडीत विसरलीस. मत तेवढं बरं लक्षात राहतं.”

आई घाईने म्हणाली, “अहो, चहा घेणार?”

काकांनी चपला काढल्या. “घेतो. विचारलंत ना.”