सोनेरी छपराचं देऊळ

जर्मनीतल्या बाड हॉम्बुर्गच्या कुअरपार्कात, म्हणजे औषधी झऱ्यांच्या बागेत, सोनेरी छपराचा एक मंडप आहे. सयामच्या, म्हणजे आताच्या थायलंडच्या, राजाला इथलं पाणी मानवलं, म्हणून त्याने तो भेट पाठवला म्हणे. आत देव नाही, मूर्ती नाही, काही म्हणजे काही नाही. आणि हाच मंडप मी सासूबाईंना देऊळ म्हणून दाखवला. शुद्ध थाप.

पण करणार काय? माझ्या नव्या नोकरीचं प्रोबेत्साइट, म्हणजे उमेदवारीचा काळ चालू होता, सहा महिन्यांत कधीही नारळ दिला असता. मुलीला किटात, म्हणजे इथल्या पाळणाघरात, जागा मिळाली नव्हती, तिला सासूबाई सांभाळत होत्या. आणि त्यांना रोज देवळातलंच दर्शन लागतं. घरातल्या देव्हाऱ्यावर त्यांचं पुण्यातही कधी भागलं नाही. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी जाहीर केलं, इथे देऊळ नाही, माझं परतीचं तिकीट अलीकडचं करा. नवरा म्हणाला, तुमचं तुम्ही बघा. मग मी बघितलं.

मंडपापासून बराच लांब एक बाक आहे. तिथून झाडांच्या वर फक्त छपराची सोनेरी टोकं दिसतात. मी ठोकून दिलं, आई, विष्णूचं देऊळ आहे, पण आत कोणाला सोडत नाहीत, कळसाचं दर्शन घ्या. त्यांचे गुडघे दुखत होते, त्यामुळे लगेच पटलं. कळस पाहिला की देव पाहिला, म्हणत रोज सकाळी बाबागाडी ढकलत जायच्या आणि त्या बाकावरून हात जोडायच्या. मला माझ्याच हुशारीचं इतकं कौतुक वाटत होतं की विचारू नका.

एकादशीला मी ऑफिसातून आले, तर त्या सोफ्यावर बसलेल्या. देवाला न्यायची तुळस पुडीत तशीच.

"देऊळ नाही ते," त्या म्हणाल्या.

मग त्यांनीच सगळं सांगितलं. एकादशी म्हणून हळूहळू जवळ गेल्या, तर आत रिकामं. तिथे थायलंडची एक बाई छपराचे फोटो काढत होती. यांना इंग्रजी येत नाही, तिला मराठी. पण छपराच्या टोकावरच्या उंच, बाकदार शिंगाकडे बोट दाखवून तिने हाताची चोच केली, पंख हलवले. मग उतरत्या कडा दाखवून फणा काढला. टोकाला गरुड, कडेला नाग, एवढं यांना बरोबर कळलं. आमच्या मुलीने सोफ्यावर उभं राहून मलाही फणा काढून दाखवला. त्या वेळी मला हसू आलं नाही.

मी कबूल केलं, आई, तुम्ही गेलात तर माझी नोकरी जाईल, या भीतीने खोटं बोलले.

त्यांनी तुळशीची पुडी उचलून देव्हाऱ्यापाशी ठेवली.

"गरुडाचं आणि नागाचं हाडवैर," त्या म्हणाल्या, "तरी एका छपरावर बसलेत. घराची शोभा आहे, उठून जाता येत नाही. तिकीट राहू दे. तुझी नोकरी पक्की झाली की जाईन."

मला रडूच फुटलं. लाजही वाटली आणि हायसंही. डोळे पुसता पुसता विचारलं, आपल्या दोघींत गरुड कोण?

"खोटं मी बोलले नव्हते," त्या म्हणाल्या.