वकीलकाकांच्या घरातली कॉफी

चार घरं दर शनिवारी कॉफीला जमली की बेसिनमध्ये चोथा साठतो, तसे किस्सेही साठतात. चोथा निदान कुंड्यांत टाकता येतो, किस्से कुठे टाकणार?

आमचा अड्डा हैदराबादच्या बरकतपुऱ्यात, निखिल आणि केतकीच्या घरी. दोघं पुण्याची, आयटीतली. कोल्ड कॉफीपासून सुरुवात झाली आणि मंडळी हळूहळू घरगुती क्रीम लिकरवर पोचली. क्रीम, कंडेन्स्ड मिल्क, कॉफी आणि व्हिस्की. अडचण एकच, वरच्या मजल्यावर राहणारे घरमालक वकीलकाका. घर देतानाच त्यांनी बजावलं होतं, "आपल्या घरात पिणं-पाजणं नक्को हां." भाडेकरार याच महिन्यात संपत होता आणि निखिल-केतकीच्या लेकीची शाळा समोरच्याच गल्लीत. केतकीला हे घर सोडायचं नव्हतं. बाटली तरी फ्रिजमध्ये होतीच!

*

माझी मुलगी हैदराबादेत वाढलेली. मराठी झकास बोलते, वाचते मात्र अडखळत. तिला मी कॉफी सिरपची कृती मोबाईलवर पाठवली. पाच मिनिटांत फोन.

"आई, हे मंद आचे कोण? आणि साखरेचं पातेलं त्यांच्यावर का ठेवायचं?"

तेव्हापासून आमच्यात गॅस बारीक करायचा असला की "आचेंना बोलवा" म्हणतात.

*

निखिल नारायणगुड्यातल्या एका डेअरीत क्रीम आणायला गेला. ताजं आहे का, असं त्याने विचारलं.

"हौ साब, परसों आया."

पुण्याच्या माणसाने हिशेब केला, दोनच दिवस झालेत, चालेल. हैदराबादी 'परसों'मध्ये गेल्या आठवड्यापासून गेल्या दिवाळीपर्यंत काहीही बसतं, हे त्याला कोण सांगणार! व्हिस्की पडली आणि क्रीम फाटलं. त्या शनिवारी आम्ही कॉफीच्या वासाचं पनीर बघत बसलो. केतकी डेअरीवाल्याशी भांडायला गेली, तर तो शांतपणे म्हणाला, "मैं झूठ बोला क्या, मॅडम? परसोंच तो आया था."

*

मग केतकीने बाटलीवर चिकटपट्टी लावून 'काढा' असं लिहिलं. एकदा वकीलकाकू विरजण मागायला आल्या आणि फ्रिज उघडताच त्यांना नेमकी तीच दिसली.

"अगं, मला खोकला झालाय. दे की थोडा."

केतकीची तंतरली. "काकू, हा पिण्याचा नाही. केसांना लावायचा आहे."

संध्याकाळी वरून वाटी आली! केतकीने खोबरेल तेलात कॉफी कालवून ती परत पाठवली. आठवड्याने काकू केस मोकळे सोडून खाली आल्या.

"फरक पडला गं."

आता वाटी नेमाने येते.

*

गेल्या शनिवारी मात्र आमची बोबडीच वळली. ट्रेमध्ये एका बाजूला साधी कोल्ड कॉफी, दुसऱ्या बाजूला लिकरचे छोटे ग्लास. बेल वाजली आणि दारात खुद्द वकीलकाका. "कराराचं बोलायचं होतं," म्हणत ते आत येऊन बसले आणि कोणी काही म्हणायच्या आत त्यांनी छोटा ग्लास उचलला.

"काका, ते नको," निखिल म्हणाला, "ते फार... गोड आहे."

"असू दे. मला कुठे डायबेटिस आहे?"

केतकीने माझा हात इतका दाबला की बांगडी रुतली. मनातल्या मनात तिने सामान बांधायला घेतलं असणार.

काकांनी एक घोट घेतला आणि डोळे मिटले. मग सावकाश सगळा ग्लास संपवला, रुमालाने मिशी पुसली.

"करार सोमवारी करून टाकू. तीन वर्षांचा."

केतकीचे डोळे भरून आले. मलाही इतकं सुटल्यासारखं वाटलं की हसू आवरेना.

काका उठले. दारापर्यंत गेले, निखिलला जवळ बोलावलं आणि वर काकूंना ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाले, "बाकी सगळं जमलंय. कॉफी तेवढी जास्त पडलीय."