असम्प्टा ट्वोमीची टाकी

असम्प्टा ट्वोमी अडतीस वर्षं हॉटेलच्या धुलाईघरात लोकांच्या चादरी उकळत मान खाली घालून जगली. साठी उलटल्यावर मात्र ती असं काही ‘नाही’ म्हणायला लागली की अर्ध्या बॅलिनार्डन गावाने तिचा धसका घेतला. निवृत्त झाली त्याच आठवड्यात तिने बस धरली, चाळीस मैलांवरच्या मतिमंदांच्या संस्थेत गेली आणि धाकट्या भावाला, मॉसीला, घरी घेऊन आली. घरच्यांनी त्याला तिथे ठेवलं तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. आता सत्तावन्नचा होता. सावकाश बोलायचा, सावकाश जेवायचा, आणि कुणी आवाज चढवला की भिंतीकडे तोंड करून उभा राहायचा.

संस्थेने त्याला वर्षभराच्या बोलीवर सोडलं होतं. घरात गरम पाणी हवं आणि मॉसीला स्वतःची खोली हवी, अशा दोन अटी होत्या. वर्षअखेरीला नर्स येऊन पाहणार आणि दोन्हींतलं एक जरी नसलं तर मॉसी परत.

खोली होती. वरच्या मजल्यावर असम्प्टाच्या खोलीशेजारी, एक खाट कशीबशी मावेल एवढी. पाणीही होतं. पण नर्स यायला तीन आठवडे उरले आणि जिन्यावरच्या कपाटातली तांब्याची जुनी टाकी फुटली.

घरं नगरपालिकेची. त्या वर्षी सगळ्या ओळीला नवी यंत्रं बसवणं चाललं होतं. मागच्या अंगणात हवेतून ऊब ओढणारं यंत्र आणि घरात गरम पाण्याची नवी टाकी. ठेकेदाराचा माणूस डेक्लन टेप घेऊन आला, कपाटात डोकावला आणि मान हलवू लागला.

“बाई, नवी टाकी इथे बसायची नाही. जुनी माझ्या कमरेएवढी होती. ही माझ्या डोक्याच्या वर जाते, आणि घेर माझ्या पोटाहून मोठा.”

“म्हणजे भलतीच मोठी. मग छोटी आण.”

“या यंत्राला छोटी चालत नाही. सगळ्या ओळीत आम्ही ती वरच्या लहान खोलीतच ठेवलीय. शेजारच्या पेग हार्नेटकडे पण.”

“पेगच्या लहान खोलीत इस्त्रीचं टेबल झोपतं रे. माझ्याकडे माझा भाऊ झोपतो.”

डेक्लन काही वाईट माणूस नव्हता. त्याने जिन्याखाली मोजलं, तिथे उंची पुरेना. स्वयंपाकघरात मोजलं, तिथे मागचं दार उघडेना.

“माझ्या खोलीत ठेव,” असम्प्टा म्हणाली. “मी तिला मिठी मारून झोपेन.”

“तुमच्या खोलीखालची तुळई कुजलीय. भरलेली टाकी तुम्हाला घेऊनच खाली उतरेल.”

दोन दिवस त्यांनी घराचा कोपरान् कोपरा मोजला. पुढच्या खोलीत मात्र दोघांपैकी एकानेही पाऊल टाकलं नाही. विसरले म्हणावं, तर तसंही नाही. ती चांगली खोली. डेक्लनच्या आईकडेही अशीच एक होती. तिथे पाद्रीबाबा बसायचे, डॉक्टर बसायचे आणि घरातलं कुणी गेलं की शवपेटी ठेवली जायची. घरच्यांनी तिथे जायचं ते धूळ पुसायला. तिला जागा म्हणून कुणी मोजतच नाही.

शनिवारी असम्प्टा धूळ पुसायला गेली. आईचं काचेचं कपाट पुसताना तिला दारात मॉसी दिसला. चपलांची टोकं उंबऱ्याला लावून तो बाहेरच थांबला होता. नवव्या वर्षी कुणीतरी त्याला दटावलं होतं, ते त्याने अठ्ठेचाळीस वर्षं पाळलं होतं. आणि असम्प्टाच्या अंगाचा तिळपापड झाला. मॉसीला नेलं त्या दिवशी आईने शेजारणीला काय सांगितलं होतं, ते तिने स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. ‘काय करणार? घरात जागा नाही.’ घरातली सगळ्यांत मोठी खोली रिकामी ठेवून आई हे बोलली होती.

सोमवारी डेक्लन येताच तिने ते दार सताड उघडलं.

“मोज.”

तो बिचकला. “इथे? आराखड्यात तसं नाहीये, बाई.”

“आराखडा तुझा, घरात राहते मी.”

त्याने मोजलं. शेकोटीशेजारी, काचेच्या कपाटाच्या जागी, टाकी आरामात बसत होती. खाली सिमेंटची जमीन, वजनाची काळजी नाही. मग त्यालाच एक सुचलं. “त्यापेक्षा भाऊच खाली येऊ दे की. एवढी मोठी खोली! टाकी वर नेतो.”

असम्प्टाने मॉसीकडे पाहिलं. चाळीस खाटांच्या दालनात ज्याचा जन्म गेला तो माणूस त्या ऐसपैस खोलीकडे बघत होता.

“नाही,” मॉसी म्हणाला. “वरची माझी.”

त्या घरात मॉसीने कशालाही नाही म्हणण्याची ती पहिलीच वेळ. असम्प्टाला हसू आलं. “ऐकलंस ना?” ती डेक्लनला म्हणाली. “मग लाव हात कपाटाला.”

कपाट फुटपाथवर येताच पेग हार्नेट धावत आली.

“अगं असम्प्टा, वेड लागलं का तुला? चांगल्या खोलीत टाकी! लोक काय म्हणतील? आणि उद्या तू गेलीस तर तुला ठेवायचं कुठे?”

“टाकीला टेकवून उभी ठेवा. तेवढीच ऊब.”

“तुझी आई असती तर—”

“असती तर तिलाही हेच ऐकवलं असतं. पन्नास वर्षं उशीर झालाय मला, पेग. आता बाजूला हो, पाइप आत न्यायचेत.”

पेग आठ दिवस बोलली नाही. असम्प्टाने आईचे सोनेरी काठाचे कप रोजच्या चहाला काढले. मंगळवारी एक फुटला, तो तिने केरात टाकला.

नर्स आली ती वही घेऊनच. तिने नळ सोडला, वाफा आल्या, खूण केली. चांगल्या खोलीतली टाकी बघून तिच्या भुवया वर गेल्या. ती काही बोलणार होती, पण असम्प्टाचा चेहरा पाहून तिने विचार बदलला.

“आता त्याची खोली बघू या,” असं म्हणत ती जिना चढली आणि बंद दाराच्या मुठीला तिने हात घातला.

असम्प्टाने तिचं मनगट धरलं. “टकटक करा.”

“अहो, मी फक्त एक नजर—”

“त्याची खोली आहे. टकटक करा.”

नर्सने दारावर टकटक केली. आत खाट करकरली.

“थांबा जरा,” आतून मॉसी म्हणाला.

आणि त्या दोघी थांबल्या.