यंत्राची भाषा आणि शेजारची टकटक

त्या दिवशी वारा असा सुटला होता की आमच्या लालबागच्या चाळीत वाळत घातलेली लुगडी कठडा सोडून थेट खालच्या मोर्चात सामील व्हायला निघाली होती. सांगायची लाज वाटते, पण ती तरी किती वर्षं जपून ठेवायची? तर ऐका माझा शहाणपणा.

मी तेव्हा गिरणीत कापड विणायचे साचे चालवायचो. कापसाची धूळ छातीत बसलेली. डॉक्टर म्हणाले, "साचेखातं सोडा, नाहीतर खोकला तुम्हाला सोडायचा नाही." सोडून जाऊ कुठे? तेवढ्यात आमच्या खात्याच्या मास्तरांनी सांगितलं, पत्ते पाडायच्या खोलीत एक जागा आहे. महिन्याभरात साडीच्या काठाची कुयरी जो बरोबर पाडून आणील, त्याची ती.

पत्ते म्हणजे खेळायचे नव्हेत हो! पुठ्ठ्याच्या लांब पट्ट्या, त्यांना भोकं. त्यांची माळ साच्याच्या डोक्यावर चढवायची. भोक असलं तर धागा वर, नसलं तर खाली. यंत्राला एवढीच भाषा कळते. ती शिकायची होती मला! युनियनच्या वर्गात ज्याला जेमतेम बाराखडी आलेली, त्याला!

शिकायचं तर साधन चांगलं हवं, नाही का? आमचा जॉबर, म्हणजे मुकादम, म्हणाला, "पुस्तक घे." गिरगावात फूटपाथवरून आणलं. इंग्रजी होतं, पण आत चौकटींत काढलेली फुलं होती, आणि जाडी चांगली होती. दुसरा कोणी म्हणाला, "दादरला मिळतं ते याच्यापेक्षा बरं." तेही आणलं. मग चौकटींच्या वह्या. मग गिरणीच्या भंगारातले जुने पत्ते. नवं काही आणलं की आधीचं कच्चं वाटायचं. वीस दिवस असेच गेले. सगळं फळीवर रचलं, वर हळदकुंकू वाहिलं.

आमची मंडळी म्हणाली, "अहो, हे वाचायचं आहे की पुजायचं?"

"आज बसतो," म्हटलं. हा तोच वाऱ्याचा दिवस. बसलो, आणि भिंतीपलीकडून आवाज आला. टक्. टक् टक्. टक्.

शेजारच्या खोलीत अण्णा नवीनच राहायला आले होते. एकटे, अबोल, दार कायम लोटलेलं. गंमत बघा, खाली रस्त्यावर "झालाच पाहिजे" दणाणत होतं, त्यानं माझा अभ्यास मोडला नाही. उलट मीच पुस्तक हातात धरून खिडकीतून दोनदा ओरडलो. पण ती एवढीशी टकटक मेली सोसेना!

जाऊन दार वाजवलं.

"अण्णा, पत्र्याचे डबे करता की काय? दिवसभर काय ठोकता?"

"पोटाचं काम हाय, दादा. वाऱ्यानं कागद उडत्यात, म्हणून दार लोटलंय."

"मला अभ्यास आहे. दहा दिवस थांबा की जरा."

"काय शिकताय?"

माझी मान आपोआप ताठ झाली. "यंत्राची भाषा. तुम्हाला नाही कळायची ती."

"असंल," अण्णा म्हणाले, आणि दार लोटलं.

टकटक बंद! चौथ्या दिवशी एकदा हळूच टक् झालं, तर मी भिंतीवर मूठ आपटली. पलीकडून आवाज आला, "चुकलं, दादा!" मी आपला तापवलेल्या खिळ्यानं, शेजाऱ्यांना त्रास न देता, भोकं पाडत होतो.

परीक्षेच्या दिवशी माझी माळ साच्यावर चढली. वीतभर कापड निघालं. कुयरीच्या जागी खेकडा! तोही एका बाजूचे पाय मोडलेला.

जॉबर म्हणाला, "वा रे पठ्ठ्या! हा काठ कोळणींना फुकट वाटू."

मास्तरांनी माझं जाडं पुस्तक चाळलं. "हे कुणी दिलं तुला? मडमांच्या स्वेटरांचं पुस्तक आहे हे!"

मी खोकलो. खरा खोकला होता हो. मास्तरांना दया आली असावी.

"आठ दिवस आणखी देतो. पुस्तकं ठेव बाजूला. लालबागेत एक कारागीर आहेत, आपलं जादा काम घरी बसून करतात. त्यांच्याजवळ जाऊन बस. आणि येताना आपले पत्ते घेऊन ये. दहा दिवस झाले, त्यांच्याकडून एक पत्ता आलेला नाही. माणूस कधी असं करत नाही, काय झालंय कुणास ठाऊक!"

त्यांनी चिठ्ठीवर पत्ता लिहून दिला. मी अक्षराला अक्षर जोडत वाचत गेलो. चाळ आमची. मजला आमचा. खोली... पुन्हा वाचलं. मला वाचता येत नसेल, अशी आशा होती. पण युनियनचा वर्ग चांगला होता.

संध्याकाळी अण्णांच्या दारात उभा राहिलो. या वेळी दार उघडंच होतं. आत दगडाखाली दाबलेले चौकटींचे कागद, कोऱ्या पुठ्ठ्यांची चळत, आणि एका फडक्यात नीट गुंडाळून ठेवलेली हातोडी. मी चिठ्ठी पुढे केली.

अण्णांनी ती वाचली. सरकून मला चटईवर जागा करून दिली, फडकं सोडलं, हातोडी हातात घेतली आणि अगदी अदबीनं म्हणाले,

"झाला नव्हं तुमचा अभ्यास, दादा? मग ठोकू का मी आता?"