तांडेलाची अर्धी नदी

सुधाकर भाऊजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी आठवड्याच्या गोळ्या वारांप्रमाणे डबीत लावत होते. त्यांचा पुतण्या म्हणाला, "काकू, काका सकाळी गेले. त्रास झाला नाही." मी बरं म्हटलं, फोन ठेवला आणि उरलेल्या गोळ्या शनिवारपर्यंत लावून संपवल्या. नंतर पाहिलं तर गुरुवारच्या खणात दोनदा टाकल्या होत्या... आता त्याला पाच आठवडे झाले. वर्तमानपत्रात चार ओळी आल्या. अविवाहित, आखातात अनेक वर्षं इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन, वृद्धापकाळाने निधन. त्यात चुकीचं काही नव्हतं. पण ईशा, रोहन, तुम्हाला ते आठवतात ते काडेपेटीला जणू पाय फुटलेत अशी टेबलावर चालवून दाखवणारे सुधाआजोबा म्हणून. हे कुठे शिकले, असं तुम्ही मला विचारलं होतंत आणि मी म्हटलं होतं, नंतर सांगेन. ते सांगायला बसले आहे. त्यात माझी एक चूकही आहे, आणि तीही सांगायची आहे.

ते तुमच्या आजोबांचे मामेभाऊ. मला वहिनी म्हणत. दाभोळच्या खाडीकाठी वाढले, मुंबईत बारीक उपकरणांच्या दुरुस्तीचं काम शिकले आणि तरुणपणीच इंग्लंडला एका गेज बनवणाऱ्या कारखान्यात लागले. तिथल्या गावच्या पेपरात एकदा जाहिरात आली की हरभऱ्याएवढे धातूचे सांधे घडवणारा कारागीर हवा आहे. भाऊजींना वाटलं, हाडांच्या डॉक्टरचं काम असेल. पत्त्यावर गेले तर ती एक बंद पडलेली बेकरी निघाली, आणि आत हॅलम नावाचं नवरा-बायकोचं जोडपं वीतभर उंचीची जनावरं टेबलावर मांडून बसलं होतं. ते लहान मुलांसाठी टेलिव्हिजनवर बाहुल्यांच्या फिल्मा करत. बाहुली केसभर हलवायची, कॅमेऱ्याने एक चौकट घ्यायची, पुन्हा केसभर हलवायची. एका सेकंदाला चोवीस चौकटी. भाऊजी कारखाना सोडून तिथे राहिले ते अकरा वर्षं.

हॅलम मंडळींनी सुरुवात कागदी चित्रांपासून केली होती. कापलेले कागद काचेवर सरकवायचे आणि वरून फोटो घ्यायचे. पुढे लोकरीच्या बाहुल्या आल्या, मग फोम रबराच्या. तो फोम साच्यात ओतून पावाच्या त्याच जुन्या भट्टीत भाजत, आणि आत भाऊजींनी घडवलेला धातूचा सांगाडा असे. त्यांच्या सगळ्या मालिकांत चालली ती एका नावाडी पाणमांजराची. नदीच्या काठावर रोज कुणीतरी येऊन हाक मारायचं आणि हा त्याला पलीकडे सोडायचा, एवढीच गोष्ट. संध्याकाळच्या बातम्यांआधी पाच मिनिटं. वल्ही मारायचं काम मात्र मिसेस हॅलमनी भाऊजींकडेच दिलं, कारण त्या घरात नदी ओलांडायला रोज तरीत बसलेला माणूस हा एकटाच होता. वल्हं पाण्यात शिरताना माणूस आधी खांद्याने वाकतो, हाताने नाही, हे त्यांनी त्या इंग्रज बाईंना शिकवलं. ते त्या पाणमांजराला तांडेल, म्हणजे होडीचा नाखवा, म्हणत, आणि बेकरीत सगळेच मग म्हणू लागले.

मग रंगीत टेलिव्हिजन आला. वाहिनीतल्या लोकांना हे काम फार सावकाश वाटू लागलं. परदेशातली चित्रं त्यांना झटपट मिळत होती. मिस्टर हॅलम वारले, बेकरी विकली गेली आणि तिथे रस्ता रुंद करणाऱ्यांनी प्लास्टरचे साचे फोडून भरावात टाकले. तांडेलाचा शेवटचा भाग लिहून ठेवलेला होता. नदीवर पूल बांधला जातो आणि तांडेल शेवटच्या उतारूला पलीकडे सोडतो. तो भाग कधी झालाच नाही. वृद्धाश्रमात जाताना मिसेस हॅलमनी तांडेल, होडी आणि जुना कॅमेरा भाऊजींच्या हवाली केला, आणि भाऊजींनी शब्द दिला की तो भाग पुरा करून मी तुम्हाला आणून दाखवीन. बाई तेव्हा सत्तरी ओलांडलेल्या, छातीने अधू. फार वर्षं हाताशी नव्हती.

त्या काळात सौदीत तेलाचा पैसा वाहत होता आणि गेज दुरुस्त करणाऱ्याला कुणीही उचलून नेत होतं. तुमचे आजोबा अबकैकला प्लांटवर इंजिनिअर होतेच. त्यांनी शब्द टाकला आणि भाऊजी आले. विमानतळावर सामान उसकटून बघत. पुस्तकं, कॅसेटी, बाहुल्या, काहीही अडकायचं. म्हणून भाऊजींनी तांडेलाच्या पोटाची शिवण उसवून सांगाडा काढला आणि हत्यारांच्या पेटीत मायक्रोमीटरशेजारी ठेवला. कातडं लोकरीच्या मोज्यात कोंबलं. तपासणाऱ्याने सांगाडा उचलला, कोपर वाकवून पाहिलं, मनगट फिरवलं आणि त्या हाताने शेजारच्या सहकाऱ्याला सलाम ठोकला. दोघे हसले. हे काय, म्हणून विचारलं तेव्हा भाऊजी म्हणाले, यंत्राचा भाग. "यल्ला," म्हणजे चला, असं म्हणत त्याने पेटी बंद केली. भाऊजी सांगायचे, तांडेलाची उत्तम अदाकारी त्याच दिवशी झाली आणि कॅमेरा बंद होता.

त्यांना राहायला मिळाली ती बॅचलर कॅम्पमधली चौघांची खोली. तिथे हे काम होणं शक्य नव्हतं. मांडलेल्या टेबलाला सहा दिवसांत कुणाचा धक्का लागला तर सातव्या दिवशी नदी उडी मारते. मी त्यांना आमच्या घरातली सामानाची खोली रिकामी करून दिली. मग प्रत्येक शुक्रवारी ते यायचे, पोटभर आमटी-भात जेवायचे आणि आत जायचे. काचेवर व्हॅसलीन लावून नदी केली होती. दुपारच्या नमाजाची अजान झाली, मग त्यानंतरची झाली, की बाहेर येऊन म्हणायचे, "वहिनी, आज दोन सेकंद झाले." तुमचे आजोबा चिडवायचे की या वेगाने पूल आधी होईल. फिल्मचे डबे माझ्या फ्रीजमध्ये दह्याच्या भांड्याशेजारी असत. तुमची आई, मीना, तेव्हा सहा वर्षांची. शाळेतून शिकलेल्या इंग्रजी-हिंदीत आम्हाला उत्तरं द्यायची, पण सुधाकाकांशी मराठीत बोलायची, कारण ते दुसऱ्या भाषेत ऐकूच येत नसल्यासारखं करत.

दोन वर्षांत होडी काठावरून निघून नदीच्या मध्यापर्यंत आली. मिसेस हॅलमची पत्रं येत. अक्षर दर पत्रात जास्त हलत होतं.

त्या जुलैत आम्ही सहा आठवड्यांच्या रजेवर मुंबईला निघालो. कुटुंब नसताना फॅमिली क्वार्टर्समध्ये बॅचलरना येता येत नसे, म्हणून भाऊजींनी मला एकच गोष्ट सांगितली होती. त्या खोलीचा एसी चालू राहू दे, फोमला उष्णता सोसत नाही. मी हो म्हटलं होतं. आमच्या आजूबाजूची अमेरिकन कुटुंबं उन्हाळाभर बाहेर जात आणि त्यांच्या रिकाम्या घरांतले एसी रात्रंदिवस घरघरत असत. कंपनीची वीज, कुणाला काय. मला मात्र ते बघवत नसे. माझे वडील खोलीतून उठताना दिवा मालवल्याशिवाय उंबरठा ओलांडत नसत. घर बंद करायची माझी एक यादी होती, दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेली. गॅस, नळ, खिडक्या, मेन स्विच, कुलूप. मी एकेक करत मेन स्विचपाशी आले. मला आठवलं, मुलांनो. विसरले असं मी कधीच म्हणू शकत नाही. हात स्विचवर असताना मला भाऊजींचं बोलणं आठवलं, आणि माणूस नसलेल्या घरात सहा आठवडे यंत्र चालणार हा विचार मला सहन झाला नाही. पडदे जाड आहेत, एका खेळण्याला काय होतंय, असं मनाशी म्हटलं आणि स्विच खाली ओढला. भाऊजी बाहेर गाडीत आमच्या बॅगा ठेवत होते.

परत आलो तेव्हा विमानतळावर तेच न्यायला आले होते. शेवटच्या दृश्यातला उतारू कसा उतरेल ते त्यांनी आमच्या मागे ठरवून ठेवलं होतं, वाटेत त्याबद्दलच बोलत होते. तुमचे आजोबा बॅगा उतरवत असताना मी घरामागे जाऊन मेन चालू केला, तोवर भाऊजी सरळ त्या खोलीत गेले. मी मागून गेले. तांडेल होडीत बसलेलाच होता, पण त्याचा चेहरा उतरून छातीवर आला होता. फोम एका बाजूने चिकट झालेला, दुसऱ्या बाजूने वाळून भेगाळलेला. भाऊजींनी बोट लावलं तर खांदा भुगा होऊन होडीत पडला आणि आतला सांधा दिसला. चकचकीत, हरभऱ्याएवढा.

ते स्वयंपाकघरात येऊन पाणी प्यायले. तिथे भिंतीवर विजेचं घड्याळ होतं. त्याकडे त्यांनी थोडा वेळ पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "लाइट गेली असेल, वहिनी."

मी म्हटलं, "गेली असेल."

एवढंच. दुसरा तांडेल होणं शक्य नव्हतं. साचे रस्त्याखाली होते आणि भट्टीही राहिली नव्हती. मीही त्या दिवशी काही बोलले नाही, दुसऱ्या शुक्रवारी नाही, तिसऱ्या नाही. ते येत राहिले, जेवत राहिले. जेवणानंतर आता ते बैठकीत बसून पेपर वाचत. मिसेस हॅलमना त्यांनी काय कळवलं मला माहीत नाही. हिवाळ्यात त्यांच्या भाचीचं पत्र आलं की मावशी गेल्या. भाऊजींनी ते वाचून घडी केलं, खिशात ठेवलं आणि मला विचारलं, ताक आहे का... पुढे एका शुक्रवारी, होती तेवढी फिल्म त्यांनी आमच्या भिंतीवर लावली. काठ, हाक, उतारू चढतो, होडी सुटते, खांदा वाकतो, वल्हं पाण्यात जातं. नदीच्या मध्यावर वल्हं वर उचललेलं, आणि भिंत पांढरी. मीनाने विचारलं, "पुढे काय?" भाऊजी प्रोजेक्टर बंद करत म्हणाले, "पुढे पूल." तुमचे आजोबा हसले. मीना उठून आत गेली.

माझ्या हातून चाळीसएक वर्षं तशीच गेली. लग्नकार्यात भेटायचो, फोन व्हायचे, सणावारी ते आमच्याकडे येत. प्रत्येक वेळी वाटायचं, आज सांगू, आणि प्रत्येक वेळी चांगली चाललेली संध्याकाळ कशाला बिघडवा म्हणून मी पानं वाढायला उठायचे. तुमचे आजोबा गेले तेही त्या रजेत लाइट गेली होती असं समजूनच. भाऊजी जाण्याआधी तीन आठवडे मी ठरवून इस्पितळात गेले. बोलायचं ते घरून चार वाक्यांत जमवून नेलं होतं. प्रत्यक्षात एकच निघालं.

"भाऊजी, मेन स्विच मी बंद केला होता. मुद्दाम."

ते म्हणाले, "स्वयंपाकघरातल्या घड्याळात चार दहा होते, वहिनी. गाडी चार दहालाच निघाली होती."

मी विचारलं, मग बोलला का नाहीत. त्यावर त्यांनी मला जे सांगितलं ते मला माहीत नव्हतं. आम्ही परतल्यानंतरच्या आठवड्यात मीना त्यांच्याकडे एकटी गेली होती. रजेवर जायच्या आदल्या दिवशी ती लपून त्या खोलीत शिरली होती आणि टाटा करायला म्हणून तिने तांडेलाचा हात उचलला होता. आत काहीतरी कट्कन वाजलं होतं. "मी मोडला," ती म्हणाली. भाऊजींनी समजावलं की नाही गं, लाइट गेली होती. तर ती म्हणाली, "पण इकडे लाइट जातच नाही, काका."

"खरंच जायची नाही," भाऊजी मला म्हणाले. "आठ वर्षांच्या पोरीला कळलं. आता तिला दुसरं काय सांगणार होतो? तुझ्या आईने केलं म्हणून?" मग डोळे मिटून म्हणाले, "तुम्ही सांगाल असं वाटायचं मला. दर शुक्रवारी वाटायचं."

म्हणून ते येत होते. पेपर घेऊन बैठकीत बसायचे, ते त्यासाठी... मी त्यांचा हात धरला. तो सलाइनचा हात होता, नर्सने येऊन सोडायला लावला. त्यानंतर आमची भेट झाली नाही.

ईशा, रोहन, तुम्ही मला हसत सांगितलं होतंत की तुमची आई दुसऱ्यांच्या घरी गेली की हात पाठीमागे बांधून उभी राहते, काचेच्या वस्तूंच्या दुकानात तर दारातच थांबते, आणि तुम्ही तिला पोलीस म्हणता. मीही तेव्हा तुमच्याबरोबर हसले होते.

मी तुम्हाला नेहमी इंग्रजीत लिहिते. तुम्हाला मराठी बोलता येतं, पण वाचता येत नाही हे मला ठाऊक आहे. हे छापून आलं की त्याचं कात्रण मी पाकिटात घालून पाठवणार आहे, आणि ते तुम्हाला वाचून दाखवायला घरात एकच माणूस आहे. म्हणून मराठीत लिहिलं. समोर बसून सांगायला मला अजूनही जमलं नसतं.

तेव्हा मीना, मुलांना वाचून दाखवताना इथपर्यंत आली असशील तर जरा थांब. ते कट्कन वाजलं तो सांधा होता. जागेवर बसताना तो तसाच वाजायचा, सुधाकाकांनीच मला सांगितलं त्या दिवशी इस्पितळात. तुझ्या हाताने काही मोडलं नव्हतं. एवढी ओळ पुन्हा एकदा वाच, मोठ्याने.